मुरलेल्या कलावंतांचा पहिला अल्बम

सांगलीत गाणे शिकवत असल्यामुळे मला एक प्रश्न वारंवार विचारला जातो: आपापल्या क्षेत्रात नाव झालेले कलावंत एकत्र आले, तर त्यातून खरोखर नवे काही घडते का, की दोन मोठ्या नावांवर तिकिटे तेवढी खपतात? आपल्या भागात हा प्रश्न स्वाभाविक आहे, कारण जुनी माणसे अजूनही ‘संयुक्त मानापमाना’विषयी भरभरून बोलतात. सांगलीच्याच कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ते नाटक. 1921 साली मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या त्या प्रयोगात बालगंधर्व भामिनी झाले आणि केशवराव भोसले धैर्यधर. दोन वेगळ्या कंपन्यांचे धुरंधर एका रंगमंचावर उभे राहिले, आणि त्याच वर्षी केशवराव गेले. त्या प्रयोगाबद्दल माझ्या मनात नितांत आदर आहे. परंतु नाटक दहा वर्षांपूर्वीचे होते, चाली गोविंदराव टेंबे यांनी तेव्हाच बांधलेल्या होत्या आणि कोणते पद कोणाचे हे आधीच ठरलेले होते. म्हणून या प्रश्नाला उत्तर देताना मी 2015 च्या जून महिन्यात प्रसिद्ध झालेल्या ‘एफएफएस’ या अल्बमकडे वळतो.

ही अक्षरे फ्रान्झ फर्डिनांड आणि स्पार्क्स या दोन रॉक गटांची आहेत. स्पार्क्स म्हणजे लॉस एंजेलिसचे रॉन आणि रसेल मेल हे बंधू. त्यांचा पहिला अल्बम 1971 चा, आणि एफएफएस आला तेव्हा रॉन सत्तरीला टेकले होते. फ्रान्झ फर्डिनांड हा ग्लासगोचा गट पुढच्या पिढीचा. 2004 च्या पहिल्याच अल्बमला ब्रिटनचा मर्क्युरी पुरस्कार मिळाला होता. एकत्र काम करण्याचा विचार त्याच सुमारास निघाला आणि मेल बंधूंनी एका गाण्याचा कच्चा नमुनाही पाठवला, परंतु पुढे जवळजवळ दशकभर काहीच हालले नाही. 2013 साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये दातांचा दवाखाना शोधत फिरणाऱ्या, फ्रान्झ फर्डिनांडचे गायक अ‍ॅलेक्स काप्रानोस यांची मेल बंधूंशी रस्त्यातच गाठ पडली, आणि मागे पडलेले काम पुन्हा सुरू झाले.

त्यानंतर त्यांनी जी पद्धत स्वीकारली, तिच्यात मला सुरुवातीच्या प्रश्नाचे खरे उत्तर दिसते. समोरासमोर बसण्याआधी अमेरिका आणि ब्रिटन यांच्यामध्ये गाण्यांचे तुकडे पाठवले जात होते. एकाने पाठवलेल्या कल्पनेवर दुसऱ्याने भर घालायची, बदल करायचा आणि ती परत धाडायची. आपली कच्ची रचना दुसऱ्याच्या हाती सोपवणे हे मुरलेल्या कलावंताला नवशिक्यापेक्षा कितीतरी जड जाते, कारण त्याची शैली हीच त्याची मिळकत असते. येथे सहाही जणांनी ते केले आणि मगच लंडनच्या राक स्टुडिओत जॉन काँगल्टन या निर्मात्यासोबत अवघ्या 15 दिवसांत ध्वनिमुद्रण उरकले.

याचा परिणाम ऐकायचा असेल, तर दोन आवाजांकडे लक्ष द्यावे. स्पार्क्सचे गायक रसेल यांचा आवाज तार सप्तकात सहज वावरणारा, टोकदार आणि नाटकी. काप्रानोस यांचा आवाज खालच्या पट्टीतला, भरदार आणि किंचित आळसावलेला. आपल्याकडच्या जुगलबंदीत एकाचे आवर्तन संपते आणि दुसऱ्याचे सुरू होते, त्यामुळे श्रेय कोणाचे हे श्रोत्याला स्पष्ट कळते. ‘जॉनी डिल्युजनल’ या पहिल्याच गाण्यात तसे होत नाही. मिळण्याची आशा नसलेल्या प्रेमाची ही गोष्ट सांगणारा माणूस एकच आहे, आणि दोघे मिळून तोच माणूस गातात. एकाने सुरू केलेला विचार दुसरा पुढे नेतो आणि मग दोन्ही आवाज एकत्र येतात.

‘कोलॅबरेशन्स डोन्ट वर्क’, म्हणजे भागीदारी जमत नसते, हे गाणे मला या अल्बमचे शिखर वाटते. साडेसहा मिनिटांहून मोठे असलेले हे गाणे साध्या गिटारवर सुरू होते आणि एखाद्या संगीत नाटकाच्या प्रवेशासारखे आपली लय आणि मांडणी पुन्हा पुन्हा बदलत जाते. संगीतकार मोझार्टला, चित्रकार वॉरहॉलला, वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइटला कोणाच्या मदतीची गरज पडली नाही, असा युक्तिवाद त्यात चालतो. एकट्याने काम करण्याची ही बाजू दोन गट मिळून मांडतात, आणि दोघांच्या मेळाशिवाय त्यातले एकही वळण पेलले नसते.

अल्बममधली सगळीच गाणी या उंचीची नाहीत. ‘सो देसु ने’ मला हलकेफुलके वाटते आणि दोन-तीन ठिकाणी शब्दांची चतुराई चालीच्या पुढे धावते. पुढे दोन्ही गटांनी पुन्हा आपापले अल्बम केले. एफएफएस या नावाने दुसरा अल्बम आला नाही, याची मला हळहळ वाटते. परंतु त्यामुळे पहिल्याचे मोल कमी होत नाही.

विद्यार्थ्यांना मी आधी ‘जॉनी डिल्युजनल’ ऐकवतो आणि दुसऱ्यांदा ऐकताना फक्त काप्रानोस यांच्या मागे जायला सांगतो. रसेल यांचा आवाज प्रथम कान पकडतो, त्यामुळे गाण्याचा तोल खालच्या आवाजाने किती सांभाळला आहे, हे पहिल्या ऐकण्यात सहसा ध्यानात येत नाही.