थंडीत कॅलरी आपोआप जळतात का?

हिवाळा लागला की मला हमखास विचारलं जातं, "थंडीत अंग गरम ठेवायला कॅलरी जास्त जळतात ना? मग व्यायाम थोडा कमी केला तर चालेल की!" विचारणाऱ्याला 'हो' ऐकायचं असतं. पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाही चालणार.

म्हणणं अगदीच खोटं नाही. जोराची हुडहुडी भरली की शरीराचा ऊर्जेचा खर्च विश्रांतीच्या पाचपटीपर्यंत जाऊ शकतो. शिवाय आपल्या अंगात थोडी तपकिरी चरबी असते, ती ऊर्जा साठवण्याऐवजी जाळून उष्णता करते. ती फक्त तान्ह्या बाळांतच कामाची असते असा समज होता. मोठ्या माणसांतही ती जागी असते हे २००९ मध्ये स्पष्ट झालं. पण या सगळ्यासाठी आधी थंडी वाजायला हवी, आणि आपण तर स्वेटर चढवून खिडक्या लावून घेतो. (घालावाच स्वेटर. वजन उतरवायला कुडकुडत बसणं हा काय व्यायाम आहे?) भरभर चालायला लागलं की स्नायूंना लागणाऱ्या ऊर्जेतला पाऊण भाग उष्णतेतच जातो, मग शरीराला वेगळी शेगडी पेटवावी लागत नाही.

हिवाळ्यात खरं नुकसान होतं ते बारीकसारीक हालचाली थांबल्यामुळे, असं माझं ठाम मत आहे. पांघरुणातून उठायला नको, पायी जायचं ते गाडीने, संध्याकाळी अंधार लवकर म्हणून घरातच. मेयो क्लिनिकच्या जेम्स लेव्हिन यांनी अशा बिनव्यायामाच्या हालचालींचा बराच अभ्यास केला. सारख्या अंगलटीच्या दोन माणसांत यामुळे दिवसाला २००० कॅलरींपर्यंत फरक पडू शकतो, असं ते सांगतात. त्यासमोर अर्ध्या तासाचं चालणं बघा: ६० किलोच्या माणसाचे मध्यम चालीने जेमतेम शंभर कॅलरी. म्हणजे सकाळी चालून आलात आणि उरलेला दिवस रजईत काढलात, तर हिशेब जुळत नाही.

म्हणून मी फोन आला की उठते आणि बोलणं संपेपर्यंत घरातच फेऱ्या मारते. जिने चढते. आणि पहाटेचा हट्ट मी कधीच सोडला. पहाटे उठणारे म्हणजे शिस्तीचे, हे कुणी ठरवलं? थंडीत दुपारचं चालणं सोपं जातं, ऊनही मिळतं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. पूर्वी एका वेळी किमान दहा मिनिटं हवीत अशी अट होती, २०२० मध्ये तीही गेली. तुकड्यातुकड्यांनी केलंत तरी चालतं.

कपड्यांचं थोडक्यात: एक जाडजूड घालण्यापेक्षा पातळ दोन-तीन घाला, म्हणजे अंग तापलं की एकेक काढता येतात. आतला सुती नको, तो घाम धरून ठेवतो आणि थांबलात की गारठा भरतो. तहान लागली नाही तरी पाणी प्या. थंडीत तहान कळत नाही.

एका बाबतीत मात्र मी कुणाला आग्रह करत नाही. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, आणि कोरड्या गार हवेने दमा उसळतो. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, घरातच अंग मोकळं करून घ्या आणि मगच बाहेर पडा. ताप असेल त्या दिवशी तर खुशाल झोपून राहा.