शून्य की हुकलेला ठिपका?

सातवी लिम्फोसाइट, म्हणजे एका प्रकारची पांढरी रक्तपेशी. आधीच्या सहांपैकी चार पेशींच्या पुढे मी वहीत कॅरोटिनॉइड (गाजराला नारिंगी करणाऱ्या रंगद्रव्यांचं कुळ) 'शून्य' लिहिलं होतं आणि ही पाचवी ठरणार अशी खात्रीच होती.

आमच्या कामात रामन स्पेक्ट्रम घेणं, म्हणजे लेझर टाकून विखुरलेल्या प्रकाशातल्या रेषांवरून आतले रेणू ओळखणं, दोन मिनिटांचं, तयारी अर्ध्या दिवसाची. फायकॉल या दाट द्रवावर रक्तातल्या पेशी वेगळ्या करा, तांबड्या पेशी धुऊन काढा. एखादी जरी हिरव्या लेझरखाली आली तरी हिमोग्लोबिनच्या आरडाओरड्यात बाकी काही दिसत नाही. स्लाइड कॅल्शियम फ्लोराइडची, कारण काच स्वतःच बडबडते. सकाळी सिलिकॉनची ५२०.७ ची रेष (हे आकडे 'प्रति सेंटीमीटर' या एककात) जागेवर आहे ना, हे पाहायचं. आमच्याकडे हे शेवटचं कोणी करत नाही. मग दोन रेषा सरकल्या की दोष नमुन्याचा!

मला हव्या असतात तीन रेषा: १५२५, ११५७ आणि १००५. तिन्ही एकत्र उभ्या राहिल्या तरच कॅरोटिनॉइड म्हणायचं. एकट्या १००५ वर भरवसा नाही, १००३ ला प्रथिनांतलं फिनाइलअ‍ॅलनिन बसलेलं असतं आणि ते तर प्रत्येक पेशीत.

सातवीवर लेझर होता, पडदा सपाट. टेबलाला माझं कोपर लागलं, फोकस जेमतेम मायक्रॉनभर सरकला आणि १५२५ ची सुई ताडकन वर गेली. रंगद्रव्य पेशीभर पसरलेलं नव्हतंच, एका बारीक ठिपक्यात गोळा झालेलं होतं. लिम्फोसाइटमध्ये ते गॉल बॉडी नावाच्या पेशीतल्या बारीक रचनेत साठतं हे मी वाचलं होतं, १९९३ च्या सुमाराला रामननेच ते दाखवलं गेलं. पण वाचणं वेगळं.

पुन्हा मोजलं, शिखर निम्म्यावर. तिसऱ्यांदा, जवळपास गायब. आमच्या हिरव्या लेझरच्या ५३२ नॅनोमीटरला कॅरोटिनॉइड प्रकाश शोषतं, म्हणून तर रेष इतकी भरघोस येते. आणि त्याच प्रकाशाने ते विटतं. मोजायला गेलो आणि मोजायचंच खाऊन टाकलं. जिवंत पेशीत तो ठिपका हलतो तो वेगळाच.

साहेब म्हणाले, "सरासरी काढ आणि पुढे जा." शून्यं खरी असतील तर सरासरी चालेल. मी पेशीच्या मधोमध फोकस लावून मोजत आलो होतो, ठिपका बहुधा काठाकडे.

आता एका पेशीवर आडवे-उभे बिंदू घेतो, प्रत्येकी थोडाच वेळ, लेझरची ताकद कमी करून. दिवसाला तीन पेशी होतात. जुन्या वहीतल्या चार शून्यांपुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्हं आहेत. त्याआधीच्या वह्या अजून उघडलेल्या नाहीत.