आर्लिंग्टनला जाताय? आधी सेक्शन 27 गाठा

"ट्रामचं तिकीट काढ, दीड तासात सगळं बघून होतं," असं वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टन या अमेरिकी लष्करी दफनभूमीबद्दल मला भावाने सांगितलं होतं. अजिबात होत नाही. केनेडींची समाधी झाली, अज्ञात सैनिकाच्या स्मारकावरचा पहाराबदल झाला; पण ही दफनभूमी जिथून सुरू झाली त्या सेक्शन 27 कडे आमची ट्राम फिरकलीच नाही. मग जुलैच्या भर दुपारी पायपीट. स्मारक एका टोकाला, हे दुसऱ्या टोकाला. डांबर तापलेलं, जवळचं पाणी संपलेलं, पोटऱ्या भरून आलेल्या.

तरीही जाच. अमेरिकेच्या यादवी युद्धात, 13 मे 1864 ला इथे पहिला सैनिक पुरला, विल्यम क्रिस्टमन. वय 21, लढाई न बघताच आजाराने गेलेला. त्याच सेक्शनमध्ये गुलामगिरीतून सुटून आलेली 3,800 हून अधिक माणसं आहेत. मी एका दगडापाशी वाकून बसलो. झिजलेलं नाव, खाली एकच शब्द: 'सिटिझन'. जिवंतपणी ज्यांना हा शब्द कोणी लावला नाही, त्यांच्या दगडावर तो आहे. मला उठवेना.

टेकडीवरचं आर्लिंग्टन हाउस बघाल तेव्हा हे लक्षात ठेवा. घर सरकारविरुद्ध लढणाऱ्या दक्षिणेच्या सैन्यातल्या जनरल लीच्या बायकोचं, मेरीचं, वडिलोपार्जित. युद्धात 92 डॉलर 7 सेंट कर थकला. तिने तो नातेवाइकाच्या हाती पाठवला, तर मालकिणीने जातीने यावं म्हणून परत केला. जानेवारी 1864 मध्ये लिलाव झाला आणि 26,800 डॉलरला सरकारनेच ते घेतलं. सरकारी लष्कराच्या पुरवठा विभागाचा प्रमुख मेग्ज, त्याने मुद्दाम अगदी घराला लागून अधिकारी पुरले, लींना परत राहायला येता येऊ नये म्हणून. 1882 मध्ये लीचा मुलगा सर्वोच्च न्यायालयात जिंकला आणि पुढच्या वर्षी दीड लाख डॉलर घेऊन त्याने हक्क सोडला. सातबाऱ्याची भांडणं बघितलेल्याला यातलं काहीच समजावून सांगावं लागत नाही.

प्रवेश फुकट आहे, फोटो असलेलं ओळखपत्र मात्र लागतं. पहाराबदल एप्रिल ते सप्टेंबर दर अर्ध्या तासाने असतो, त्यामुळे घाई करू नका. अँफिथिएटरजवळ कोलंबिया यानाचं स्मारक आहे, त्यावर कल्पना चावलाचं नाव आहे. तेही चुकवू नका. पण सकाळी दार उघडताच, पायात दम असताना, आधी उत्तरेला, सेक्शन 27 कडे वळा. पाणी दोन बाटल्या.