चौदा की पंधरा?

२०११च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या भरली १४,५८,५४५. हा आकडा मुलांना तोंडी सांगून लिहायला लावला, की शेवटच्या 'पंचेचाळीस'पाशी पेन्सिल अडखळते. मराठीत पाच आधी, चाळीस मागून. हात कानाचं ऐकतो आणि ५४ लिहून मोकळा होतो. याच आकड्यात पाच तीनदा आलाय. चेहरा तोच, पण डावीकडून पहिल्याची किंमत पन्नास हजार, दुसऱ्याची पाचशे, तिसऱ्याची नुसती पाच.

उत्तर गोवा त्याहून खट्याळ: आठ लाख अठरा हजार आठ. कुणी ८१८८ लिहितं, कुणी ८१८०००८ लिहून जिल्हा दसपट करून टाकतं. शतक आणि दशक रिकामे आहेत, तिथे दोनच शून्यं हवीत: ८,१८,००८. गोव्यात कितीतरी घरं वर्षभर बंद असतात, माणसं परदेशात. म्हणून त्यांचा घरक्रमांक काही शेजाऱ्याला देत नाहीत. रिकाम्या स्थानाचंही तसंच, शून्य लिहून जागा राखायची.

राउंड फिगर करताना ज्या स्थानापर्यंत जायचं, त्याच्या लगेच उजवीकडचा एकच अंक बघायचा. पाच किंवा जास्त असेल तर एक वाढवायचा, नाहीतर आहे तसं ठेवायचं. पुढे सगळी शून्यं. गोव्याचा आकडा शतकापर्यंत आणायचा तर उजवीकडे ४ आहे, म्हणून १४,५८,५००. घोटाळा होतो तो पायऱ्या-पायऱ्यांनी उतरताना. आधी दशकापर्यंत १४,५८,५५०, मग त्याच्यावरून १४,५८,६००! शेवटच्या पाचाने चाराला पाच केलं आणि त्या उसन्या पाचाने शतक ढकललं. दरवेळी मूळ आकड्याकडेच परत जायला हवं.

खरी गंमत लाखांत आहे. उत्तर गोवा जवळच्या लाखात ८ लाख. दक्षिण गोवा ६,४०,५३७, म्हणजे ६ लाख. बेरीज १४ लाख. पण अख्खा गोवा जवळच्या लाखात १५ लाख! उत्तरेचे १८,००८ आणि दक्षिणेचे ४०,५३७ सुटे सुटे होते तेव्हा पन्नास हजारांच्या आत, म्हणून दोन्ही सोडून दिले. एकत्र आले तर ५८,५४५. म्हणून आधी बेरीज, राउंड फिगर सगळ्यात शेवटी.

बोलताना मात्र आपण चौदा म्हणत नाही की पंधराही नाही. सरळ साडेचौदा लाख म्हणतो. फरक जेमतेम ८,५४५चा. पंधरा म्हटलं असतं तर ४१,४५५चा. पेपरात 'जवळच्या लाखात' विचारलं असेल, तर या साडेला गुण नाहीत.