आगगाडीच्या साच्यातला केक

प्राणी, गाडी अशा एखाद्या आकाराच्या साच्यात केक करायचा असेल, तर आधी साचा नीट पाहावा आणि मगच पाककृती ठरवावी, असे माझे ठाम मत आहे. गोल डब्यात जो केक सर्वांत हलका आणि मऊ होतो, तोच अशा साच्यात सर्वांत जास्त छळतो. उपडा करताना त्याचे अरुंद भाग स्वतःचे वजन पेलत नाहीत आणि अस्वलाचा कान किंवा गाडीचे चाक साच्यातच अडकून राहते.

भाच्याच्या पाचव्या वाढदिवसासाठी मी आगगाडीच्या इंजिनाचा साचा आणला, त्याला कारण माझे वडील. त्यांचे बालपण मिरजेत गेले. त्यामुळे तिथून तेव्हा पंढरपूर, कुर्डुवाडीकडून लातूरला जाणाऱ्या बार्शी लाईट रेल्वेच्या नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांवरच्या गाडीचे कोळशाचे काळे इंजिन हाच त्यांच्या दृष्टीने आगगाडीचा एकमेव अस्सल नमुना आहे, आणि हे वेड त्यांनी नातवालाही लावले आहे. इंजिन काळेच हवे, धुराडे शाबूत हवे, अशी दोघांची एकमुखी मागणी होती.

प्रथम साच्यात काठोकाठ पाणी भरून ते मापाच्या भांड्यात ओतून पाहिले, तेव्हा ते दीड लिटर भरले. केकचे मिश्रण साच्याच्या दोन तृतीयांशाहून जास्त नसावे, म्हणजे मला सुमारे एक लिटर मिश्रण हवे होते. त्यासाठी बटर, पिठीसाखर आणि मैदा प्रत्येकी २२५ ग्रॅम, चार अंडी, दीड चहाचा चमचा बेकिंग पावडर, तीन मोठे चमचे दूध आणि थोडा व्हॅनिला इसेन्स असे जुन्या पद्धतीचे प्रमाण घेतले. हा केक किंचित दडस होतो, पण इथे तोच त्याचा गुण आहे. माझी आई अंडे खात नाही, म्हणून तिच्यासाठी दही आणि सोडा घालून छोटे कपकेक वेगळे केले. तेच मिश्रण इंजिनाला वापरले नाही, कारण अंड्यातील प्रथिने तापून घट्ट झाली की केकला जो सांगाडा मिळतो, त्याची अरुंद धुराड्याला फार गरज असते.

खरे काम साचा माखण्याचे आहे आणि त्यात घाई करू नये. नुसते तेल उभ्या कडांवरून ओघळून खोबणींत साचते. नुसते बटर लावले, तर त्यातील पाणी आणि दुधाचा अंश यांमुळे केक चिकटण्याची शक्यता राहते. त्याऐवजी वनस्पती तूप, तेल आणि मैदा समप्रमाणात घेऊन गुळगुळीत फेटावेत आणि ते मिश्रण ब्रशने प्रत्येक कोपऱ्यात पोहोचवावे. साचा उजेडात तिरका धरला की कोरडी राहिलेली जागा लगेच दिसते. चाकांच्या आऱ्यांमध्ये ती हमखास असते. केकचे मिश्रण भरतानाही आधी चमच्याने धुराड्यात आणि चाकांत दाबून बसवावे, साचा घडी घातलेल्या पंचावर दोन-चार वेळा आपटून आतली हवा काढावी आणि मगच उरलेले ओतावे. कडेला थोडे जास्त आणि मध्ये थोडे कमी ठेवले की केकला मध्ये फुगवटा कमी येतो.

साचा गडद रंगाचा असेल, तर तो उष्णता लवकर शोषतो. म्हणून नेहमीच्या १८० अंशांऐवजी १६५ अंश सेल्सिअसवर साधारण पाऊण तास भाजले. धुराड्याची बाजू आधी तांबूस होऊ लागताच तेवढ्या भागावर फॉइल झाकले. सुई नेहमी सर्वांत जाड भागात, म्हणजे बॉयलरच्या पोटात खुपसून पाहावी. बाहेर काढल्यावर दहा ते पंधरा मिनिटे थांबावे: त्याआधी केक ठिसूळ असतो आणि फार उशीर केला, तर साखर व तूप थिजून तो साच्याला धरून बसतो. वर आलेला फुगवटा साच्याच्या कडेला टेकवून सुरीने सपाट कापावा, मग जाळी वर ठेवून साचा उलटा करावा.

सांगलीच्या एप्रिलात बटर क्रीमच्या वाटेला जाण्यात अर्थ नव्हता; संध्याकाळपर्यंत त्याचा रस्सा झाला असता. दुकानात सहज मिळणारे २५ टक्के स्निग्धांशाचे क्रीम फेटून फुलत नाही, पण चॉकलेट वितळवायला ते उत्तम चालते. दोनशे ग्रॅम डार्क चॉकलेटला शंभर ग्रॅम गरम क्रीम घेतले आणि मिश्रण कोमट झाल्यावर ते पूर्ण गार केकवर पातळ पसरले. थर इतकाच दिला की साच्याने उमटवलेले रिव्हेट आणि दारे बुजणार नाहीत. विकतच्या फाँडंटची, म्हणजे लाटलेल्या साखरेच्या लगद्याची, जाड चादर घालून हे सगळे झाकायचे असेल, तर साचा आणलाच कशाला? कोळसा मात्र आमच्या जिल्ह्याचाच होता. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्यातला काळा बेदाणा मूठभर रचला, तो वडिलांना पसंत पडला.

कापताना भाच्याने धुराड्याला हात लावू दिला नाही. बाकीच्या इंजिनाचे पातळ, न चुरडणारे काप करून सगळ्यांना दिले, आणि धुराडे दुसऱ्या दिवशी त्याने दुधासोबत एकट्याने संपवले.