आम्ही घरात भिंत घातली

आमच्या गल्लीत कुणाच्या घरात भिंत घालायचं काम निघालं की पहिला प्रश्न ठरलेला, "भावाभावात फाटलं काय?" विटा उतरल्या त्याच दिवशी समोरच्या लूमवाल्या काकांनी मला बाजूला घेऊन तो विचारला. आईचाही राग तिथूनच सुरू झाला. "तुमचे वडील होते तोवर जिना उघडा होता, आता तुम्हाला भिंती पाहिजेत," असं म्हणून ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात. मी आणि धाकटा भाऊ मिळून शाळेचे युनिफॉर्म शिवतो. तळमजल्यावर 22 मशिनी, पहिल्या मजल्यावर कटिंग टेबल आणि तयार मालाचं गोदाम, दुसऱ्यावर आम्ही सगळे. जिना एकच, इमारतीच्या मधोमध आणि तिन्ही मजल्यांना उघडा. खालच्या मशिनीचा आवाज, इस्त्रीची वाफ, कापडाचा भुसा असं सगळं त्याच जिन्यातून वर यायचं. तीस वर्षं आलं, कुणाला काही वाटलं नाही.

18 मे 2025ला पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ माणसं गेली. मालकाचं कुटुंब कारखान्याच्याच इमारतीत राहायला होतं. सोलापुरात त्या दिवशी खाली कारखाना आणि वर घर असलेल्या प्रत्येकाच्या मनात काय आलं असेल, ते सांगायला नको. त्या रात्री बायको झोपलीच नाही. सकाळी म्हणाली, "आपल्या गोदामात पेटलं तर खाली उतरायचं कुठून?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. जिना गोदामाच्या दारासमोरूनच जात होता. आणि गोदाम आणि जिना यांच्यात होतं काय, तर वडिलांनी ठोकलेलं प्लायवूडचं पार्टिशन, वर सनमायका.

त्या जागी आग अडवणारी भिंत घालायचं ठरलं, आणि पहिली चूक आम्ही लगेच केली. ओळखीच्या फॉल्स सीलिंगवाल्या मिस्त्रीला बोलावलं. तो म्हणाला, "मालक, पिंक बोर्ड लावतो की. फायरचा असतोय तो. चार दिवसांत मोकळं." जिप्सम बोर्डाचे रंग मला तेव्हाच कळले. साधा पांढरट-राखाडी, ओलाव्याच्या जागेसाठी हिरवा आणि आगीसाठी गुलाबी. गुलाबी बोर्ड आला, पत्र्याची फ्रेम उभी राहिली, बोर्ड लागले, पुट्टी झाली, रंग झाला. दिसायला एकदम दवाखान्यासारखं. आम्ही खूश.

मग पुण्याचा माझा मेव्हणा आला. तो सिव्हिल इंजिनिअर. त्यानं भिंतीवर टिचकी मारली आणि विचारलं, "टेस्ट रिपोर्ट कुठाय?" मी बोर्डाच्या कंपनीचं माहितीपत्रक दाखवलं. तो हसला. म्हणाला, "दाजी, रेटिंग बोर्डाला नसतं. अख्ख्या भिंतीला असतं." त्याच्याच ओळखीनं सरकारमान्य परवाना असलेल्या फायर एजन्सीच्या एक इंजिनिअर मॅडम आल्या. आमचं खरं काम तिथून सुरू झालं.

मॅडमनी काही न बोलता स्टूल मागवलं. फॉल्स सीलिंगची एक टाइल वर ढकलली, मोबाइलचा टॉर्च आत धरला आणि मला जिन्याच्या बाजूला जाऊन बघायला सांगितलं. मी तिकडची टाइल उचलली तर लख्ख उजेड. भिंत फॉल्स सीलिंगपर्यंत येऊन थांबली होती. तिच्यावर स्लॅबपर्यंत सव्वा फुटाची फट मोकळी होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. "धूर आधी वरच जातो," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही वरचीच वाट उघडी ठेवलीत." मला मिस्त्रीपेक्षा स्वतःचाच राग आला. पैसे देण्याआधी एक टाइल उचलून बघितली असती तर?

मग त्यांनी कोपऱ्यात बोर्ड कापायला लावला. आत थर एकच आणि मधली पोकळी रिकामी. वायरिंगचे पाइप गेले होते तिथे भोकं भरली होती पिवळ्या फोमनं, डब्यातून मारतात आणि फुगतो तो. मॅडमनी त्याचा लिंबाएवढा तुकडा काढला, अंगणात नेऊन काडी लावली. काळाभोर धूर सोडत तो फडफडून पेटला. मिस्त्री शेजारीच उभा होता. म्हणाला, "सगळीकडे हाच मारतोय आम्ही." खरंच असेल.

दोन तासांची भिंत, म्हणजे आगीला दोन तास अडवणारी, कशी ठरते, हे त्यांनी जिन्यात बसून समजावलं, तेवढं जसं समजलं तसं सांगतो. भिंतीचा नमुना भट्टीच्या तोंडाला लावतात आणि भट्टी ठरलेल्या गतीनं तापवतात. तासाभरात साडेनऊशे अंशांच्या आसपास, दोन तासांत साधारण 1,050. भिंत उभी तर राहिलीच पाहिजे, तिच्यातून ज्वाळा किंवा गरम वायू पलीकडे यायला नकोत, आणि पलीकडच्या बाजूचं तापमान सरासरी 140 अंशांपेक्षा जास्त वाढायला नको. ही तिसरी अट मला नवीन होती. भिंत शाबूत राहिली तरी मागची बाजू तापून तिला टेकलेला कापडाचा गठ्ठा पेटू शकतो, हे डोक्यातच आलं नव्हतं. आमच्याकडे तर गठ्ठे भिंतीला टेकूनच असतात.

जिप्सम यात टिकतो तो पाण्यामुळे. त्याच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा पाणीच असतं, स्फटिकात बांधलेलं. आग लागली की त्या पाण्याची आधी वाफ व्हावी लागते, आणि ती होईपर्यंत बोर्डाची मागची बाजू उकळत्या पाण्याच्या तापमानाच्या फार पुढे जात नाही. पाणी संपलं की साधा बोर्ड तडकून खाली येतो. गुलाबी बोर्डात काचेचे धागे असतात, ते त्याला आणखी काही वेळ धरून ठेवतात. आईला मी हे माठाच्या उदाहरणानं सांगितलं. ती म्हणाली, "मग माठच रचा की." पण बोलली तरी.

विटांचीच भिंत का नाही, हा प्रश्न मीही विचारला. तळमजल्यावर तीच घातली, साडेचार इंची, दोन्ही बाजूंनी प्लास्टर. त्या विटा बघूनच काका आले होते. पण पहिल्या मजल्यावर नेमकं त्या ओळीखाली बीम नाही, नुसता स्लॅब, तोही जुना. बोर्डाची दुहेरी थराची भिंत विटेच्या भिंतीच्या पाव वजनाचीही नसते. म्हणून वर बोर्ड.

एक महिन्यापूर्वी रंगवलेली भिंत पाडताना जीव तुटला. नवी भिंत मात्र भट्टीतल्या चाचणीचा रिपोर्ट हातात घेऊनच बांधली. त्यात जसं लिहिलं होतं तसंच: दोन्ही बाजूंना 15 मिलिमीटरच्या फायर बोर्डाचे दोन-दोन थर, मध्ये रॉकवूल म्हणजे न जळणारी दगडी लोकर, स्टडमधलं म्हणजे फ्रेमच्या उभ्या पट्ट्यांमधलं अंतर ठरलेलं, फ्रेम खाली लादीपासून वर स्लॅबपर्यंत. आतल्या थराच्या सांध्यावर बाहेरच्या थराचा सांधा येऊ द्यायचा नाही. मिस्त्री तोच ठेवला. भाऊ नको म्हणत होता, पण माणूस शिकायला तयार होता आणि पहिल्या मजुरीतली अर्धी त्यानं न मागता सोडली.

तरी एक दिवस मी जेवून खाली आलो तर दुसऱ्या थराला 25 मिलिमीटरचेच स्क्रू चालले होते. दोन थर मिळून जाडी 30 मिलिमीटर. म्हणजे स्क्रू पत्र्याच्या स्टडपर्यंत पोचतच नव्हता, बोर्ड बोर्डाला अडकला होता इतकंच. शिलाईतसुद्धा असंच असतं, टाका अस्तरात बसला आणि वरचं कापड सुटंच राहिलं तर तो पीस परत येतो. मी अकरा बोर्ड उतरवायला लावले. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी फोटो काढून मॅडमना पाठवायचे, असं ठरलं. पुट्टी झाल्यावर आतलं काही दिसत नाही, त्यामुळे हे फोटो नंतर फारच कामाला आले.

सगळ्यात जास्त वेळ भोकांनी खाल्ला. भिंत पाच दिवसांत उभी राहिली, भोकं भरायला नऊ दिवस लागले. तारांभोवती रॉकवूल ठासून वर फायर सीलंट भरायचं. ते आगीत फुगतं आणि जागा बंद करतं. घरातल्या बाथरूमचा पीव्हीसी पाइप गोदामातून खाली जात होता, त्याची गंमत वेगळीच. प्लॅस्टिकचा पाइप आगीत वितळून जातो आणि चार इंची भोक आपोआप तयार होतं. त्यासाठी पाइपाभोवती पत्र्याची कॉलर बसते, तिच्यातला पट्टा फुगून वितळणारा पाइप चिमटून टाकतो. सोलापुरात दुकानं पालथी घातली, शेवटी पुण्याहून मागवली.

दरवाजाही पुण्याहूनच आला. दोन तासांचा, लोखंडी, चार माणसांनी जिन्यातून चढवला. त्याच्या कडेला चाचणीची माहिती कोरलेली पट्टी असते, ती आहे का ते आधी बघायचं आणि रंगाऱ्याला तिच्यावर रंग मारू द्यायचा नाही. आमच्या रंगाऱ्यानं मारला, मी चाकूनं खरवडला. भावाला दरवाज्यात मोठी काच हवी होती, म्हणजे घरी जाता-येता गोदामात कोण काय करतंय ते दिसेल. टफन काच आगीला चालत नाही, आणि फायरची काच इतकी महाग की त्यानं स्वतःच वीतभर खिडकीवर समाधान मानलं.

दरवाज्याला क्लोजर आहे, तो आपोआप बंद होतो. झालाच पाहिजे, उघडा राहिला तर इतकं सगळं केलेलं वाया. पण सोलापूरचा उन्हाळा! वारा अडला म्हणून आईनं दुसऱ्याच आठवड्यात त्याला वरवंटा लावून ठेवला. मी काढायचा, ती लावायची. असं पंधरा दिवस चाललं. शेवटी तिच्या खोलीची पश्चिमेची खिडकी मोठी केली. करताना तिथलं पक्कं ग्रिल काढून आतून उघडणारं बसवलं, म्हणजे वेळ पडली तर शेजारच्या गच्चीवर उतरता येईल. मॅडमनी पहिल्या दिवसापासून ते सांगितलं होतं आणि आम्ही चोराच्या भीतीनं टाळत होतो. वरवंटा परत पाट्यावर गेला.

कागदपत्रांचं थोडक्यात. महाराष्ट्राच्या 2006च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे परवानाधारक एजन्सी यंत्रणा बसवल्याचा फॉर्म ए देते आणि पुढे दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, सगळं चालू स्थितीत असल्याचा फॉर्म बी. आम्ही अलार्म, पाण्याची नळी, आग विझवायचे सिलिंडर हेही केलं, पण त्यात सांगण्यासारखं काही नाही. हेलपाटे झाले. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना फोटोंची फाइल मात्र प्रत्येकानं उघडून बघितली.

भिंतीवर येणारा-जाणारा प्रत्येक जण टिचकी मारतो आणि पोकळ आवाज ऐकून हसतो. काकांनीही मारली. "ही टिकणार दोन तास?" मी माठाची गोष्ट सुरू करणार तेवढ्यात आई वरून म्हणाली, "दोन थर आहेत. दोन्ही बाजूंनी."

आता गोदामात दाराशेजारी एक वही टांगली आहे. भिंतीला भोक कुणी पाडलं, कधी पाडलं, कशानं भरलं आणि कुणी बघितलं, असे चार रकाने. पहिली नोंद एसीवाल्याची आहे, त्यानं न विचारता दोन इंची भोक पाडलं होतं. दुसरी सीसीटीव्हीची. तिसरी परवाची, इंटरनेटवाल्या पोराची. त्याच्यापुढचे दोन रकाने अजून रिकामे आहेत. सीलंटची नळी संपली आहे, ती आज संध्याकाळी आणायची आहे.