तोरणमाळच्या घाटात जिप्सी आणि ब्रेझा

शहाद्याच्या मामांना जुनी गाडी घ्यायची होती. पसंतीला दोन उरल्या: २००८ची पेट्रोल जिप्सी, फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकं ओढू शकतात अशी, आणि २०१७ची डिझेल ब्रेझा, जिची फक्त पुढची चाकं ओढतात. दोन्ही मालक ओळखीचे. गल्लीत चक्कर मारून काय कळणार? म्हटलं, तोरणमाळला नेऊ.

मामांनी सारंगखेड्याच्या बाजारात घोडे पारखलेत. किलोमीटरच्या आकड्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. गाडी खरी किती चाललीय ते कळावं म्हणून क्लचच्या पेडलवरचं रबर किती झिजलंय ते मात्र वाकून पाहिलं.

म्हसावदपर्यंत केळी-पपईची सपाटी. मी ब्रेझात एसी लावून निवांत. मागे जिप्सीत मामेभाऊ आणि मामा, पाट्यांच्या स्प्रिंगवर उसळत.

राणीपूर, काळापाणी मागे पडलं आणि घाट अंगावर आला. ब्रेझाचं इंजिन १२४८ सीसीचं, टॉर्क, म्हणजे चाकं फिरवायचा जोर, २०० न्यूटन-मीटर. पण तीव्र वळणावर इंजिनाचे फेरे पडले की टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, झोपतो, मग एकदम उसळी. जिप्सीचा टॉर्क जेमतेम निम्मा, तरी अंगाने हलकी असल्याने कुरकुर न करता चढत होती, तीही मागच्या दोन चाकांच्या ओढीवरच. तिला मधलं डिफरेन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी, नाही. कोरड्या डांबरावर फोर-व्हील लावली तर वळताना पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि सगळा ताण गिअरवर येतो. म्हणजे ज्या गोष्टीसाठी जास्त पैसे मोजायचे, ती रोजच्या रस्त्यावर वापरायचीच नाही.

यशवंत तलावापलीकडे एका पाड्याकडे जाणारा कच्चा चढ होता, पावसाने धुतलेला. ब्रेझाची पुढची चाकं जागीच फिरायला लागली. चढावर वजन मागे जातं आणि ओढणारी चाकंच हलकी पडतात. मामेभाऊ म्हणाला, "दादा, उलटी घाल." गाडी फिरवून रिव्हर्समध्ये घातली आणि खरंच चढली! मग तो जिप्सीतून उतरला, पुढच्या चाकांचे हब हाताने लॉक केले म्हणजे तीही ओढायला लागतील, आणि छोटा दांडा लो मध्ये, म्हणजे हळू पण जास्त जोराच्या गिअरमध्ये, टाकला. ॲक्सिलरेटर जेमतेम दाबलेला, आणि जिप्सी चालत चालत वर. मानलं.

खाली येऊन शेवभाजी-भाकरीवर बसलो तेव्हा मामा जिप्सीबद्दल अहिराणीत म्हणाले, "गाडी चांगली शे, पण मनी कंबर मोडी टाकी."

माझं मत ब्रेझाच. मामांच्या शेतापर्यंत पक्का रस्ता आहे, आणि मामींना घेऊन धुळ्याच्या दवाखान्यात जायचं असतं. शिवाय जिप्सीला १५ वर्षं उलटलीत. आता दर पाच वर्षांनी फिटनेस करून नोंदणी वाढवत बसायचं. मामेभाऊ अजून रुसलेला आहे.

ब्रेझाचे पुढचे टायर मागच्यांपेक्षा बरेच घासलेत, ओढणारी चाकं तीच. तेवढे पैसे किमतीतून तोडायला मामा उद्या मालकाकडे जाणार आहेत.